पाणी चढतंय

आमच्या घरात सध्या मिठाची बरणी फ्रिजवर आहे, टीव्हीचा रिमोट घड्याळामागे आहे आणि बाबांचा चष्मा कुठे आहे ते बाबांनाही ठाऊक नाही. पोरगी दीड वर्षाची झाली. तिचा हात पोचतो त्याच्या खाली काहीही ठेवायचं नाही, असा घरात नियम आहे. पण हात कुठवर पोचतो, हे दर आठवड्याला बदलतं.

आम्हा सांगलीकरांना यात नवीन काही नाही. पाऊस लागून राहिला की इथे माणसं एकमेकांची खुशाली विचारत नाहीत, "आयर्विनला किती फूट?" विचारतात. आयर्विन म्हणजे आमचा कृष्णेवरचा पूल. तिथे पाणी 40 फुटांना गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही असंच सामान चढवत गेलो होतो. जमिनीवरचं कॉटवर, कॉटवरचं टेबलावर, मग सगळंच माळ्यावर, आणि शेवटी आम्ही स्वतः चुलत्यांच्या गच्चीवर. ते पाणी निदान उतरलं तरी.

पहिले तीन-चार महिने म्हणजे कोरडं पात्र. दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं जिथे ठेवावं तिथेच सापडायचं. हे सुख आहे हे कळायला जागं असावं लागतं, आणि आम्ही रात्रभर जागून दिवसा पेंगत होतो. पाचव्या महिन्यात बायकोचा ऑफिसात फोन, "अरे, पालथी पडली!" मी धावत घरी आलो तर बाईसाहेब उताण्या. मला करून दाखवायला साफ नकार.

रांगायला लागली तीही उलटी. हातात जोर आधी येतो, पायांना ते तंत्र नंतर जमतं, म्हणून काही मुलं सुरुवातीला मागेच सरकतात. समोरच्या खुळखुळ्यावर डोळे लावून, त्याच्यापासून लांब लांब जात, भोकाड पसरून ती कॉटखाली शिरायची. (बढतीच्या बाबतीत माझं साधारण असंच चाललेलं असतं.) तिला बाहेर काढायला मी कॉटखाली गेलो, तेव्हा आपल्याच घराची फरशी पहिल्यांदा नीट पाहिली. एक सेफ्टी पिन, दोन शेंगदाणे, आणि ज्यावरून आमचं मोठं भांडण झालं होतं ते पेनाचं टोपण. त्यात शेंगदाणे बघून घाम फुटला. एवढ्याशा पोराच्या श्वासनळीत तो अडकू शकतो. त्या रात्री आम्ही दोघांनी टॉर्च घेऊन, गुडघ्यांवर, सगळं घर पालथं घातलं.

मग ती धरून उभी राहायला लागली आणि देव्हारा पाण्याखाली गेला. आमचा देव्हारा खालच्या कोनाड्यात, जमिनीपासून हातभर उंच. आईनं पूजा आटपून पाठ फिरवली आणि बाळकृष्ण गायब. शोधाशोध झाली. तो पोरीच्या तोंडात होता, लोण्याच्या गोळ्यासकट. आईनं त्याला बाहेर काढलं, धुतलं, पुसलं आणि म्हणाली, "लहानच आहे तोही. रागावायचा नाही." आता देव भिंतीवर चढलेत आणि आई उभ्यानं पूजा करते. तिच्या गुडघ्यांना ते बरंच पडलंय, पण हे ती कबूल करणार नाही.

सगळं वर जात असताना एकच वस्तू खाली आली. बाबांचा पांगुळगाडा. तीन चाकं, धरायला एक दांडी, रंग केव्हाच उडालेला. पुरात तो वाचला कारण पन्नासेक वर्षं माळ्यावरच पडून होता. तेराव्या महिन्यात पोरीनं दांडी धरली आणि खडखडाट करत सोप्यातून थेट भिंतीवर गेली. चारेक दिवसांनी गाडा भिंतीला तटला, तिनं दांडी सोडली आणि वळून तीन पावलं टाकली. गाडा तिथेच राहिला. सोडायचं ठरवून सोडला असं काही वाटलं नाही, दोरीवरचा टॉवेल तिला जास्त हवा होता एवढंच.

चालायला लागल्यापासून खाणं कमी झालं. आईनं लगेच मीठमोहऱ्या ओवाळल्या. डॉक्टर म्हणाले, पहिल्या वर्षात वजन तिपटीवर जातं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं, मग भूक कशी तेवढी राहील? मला पटलं. आईलाही पटलं, पण मीठमोहऱ्या चालू आहेत.

पुराचं पाणी घरात कुठवर आलं होतं, ते बाबांनी तेव्हाच दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं आखून ठेवलंय. बरोबर तीन फूट. घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला त्यांनी तेवढ्या चौकटीला हात लावू दिला नाही. परवा त्यांनी नातीला तिथंच उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि खाली दुसरी रेघ मारली. दोन्हींच्या मध्ये साडेचार इंच. बाबा बराच वेळ चौकटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यापर्यंत ही पाण्याच्या वर."

आम्ही त्या साडेचार इंचांचा हिशेब करत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकचं स्टूल फरफटत नेल्याचा आवाज आला. मग एक क्षण शांतता. मग डब्याचं झाकण पडलं.

"किती फूट?" बाबांनी इथूनच विचारलं.

"ओट्यावर!" आई ओरडली. "अहो, पीठ उचला आधी!"