आमची वाटचाल : थायलंडला नेतो, पण रांधायचं तुम्हीच

मराठी माणसाला परदेशी नेणाऱ्या धंद्यात एक वाक्य वर्षानुवर्षं खपतं : "रोज रात्री आपलं जेवण." आम्हीही ते छापलेलं आहे. 2013 साली डोंबिवली पूर्वेला जिन्याखालच्या एका गाळ्यात मी आणि माझ्या नणंदेनं काम सुरू केलं, तेव्हा पहिल्याच पत्रकावर गणपतीच्या चित्राखाली ते ठळक अक्षरांत होतं. विकत काय होतो? बँकॉक-पटाया, चार रात्री पाच दिवस. कल्याणपासून ठाण्यापर्यंत जो तो एजंट तेच विकत होता. कोरल आयलंड, सफारी वर्ल्ड, संध्याकाळचा एखादा शो आणि मध्येच एक रत्नांचं दुकान. त्या दुकानापाशी बस थांबवली नाही तर तिथल्या एजंटाचा दर बसायचाच नाही. नणंद हिशेब बघायची, मी माणसं बघायचे. हिशेब कसाबसा जुळायचा. माणसं परत यायची, फोटो दाखवायची आणि थायलंडमध्ये काय खाल्लंत विचारलं की सांगायची, "छान होतं की, पनीर बटर मसाला."

चियांग मायकडे आम्ही वळलो ते एका महिला मंडळामुळे. निवृत्त शिक्षिका होत्या बऱ्याचजणी. पटाया नको, मुलांनी दाखवून झालंय, दुसरं काही असेल तर बोला, असं स्पष्ट सांगून बसल्या. नणंदेनं उत्तरेकडचं हे शहर शोधलं. 1296 मध्ये मंगराय राजानं वसवलेली लान्ना राज्याची राजधानी, भोवती चौकोनी खंदक, आत गल्लोगल्ली देवळं. आणि पर्यटकांना स्वयंपाक शिकवणाऱ्या शाळा इतक्या, की आपल्याकडे एखाद्या पेठेत क्लासेसच्या पाट्या असाव्यात तशा. यातली पहिली शाळा 1993 साली निघाली. आता शहरात आणि आजूबाजूच्या शेतांवर त्यांची मोजदाद करणं अवघड आहे. अर्ध्या दिवसाच्या वर्गाला माणशी हजार बाटच्या (बाट म्हणजे थायलंडचं चलन) आसपास पडतात. त्यात बाजारफेरी, चार-पाच पदार्थ, पाककृतींची पुस्तिका आणि हॉटेलपासून ने-आण. एखाद्या शोच्या तिकिटापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि दुपारचं जेवणही त्यातच उरकतं. नणंदेला हा मुद्दा सर्वांत आधी आवडला होता, हे सांगायला हरकत नाही.

वर्ग नेमका कसा असतो, हे बुकिंगच्या वेळी हमखास विचारतात. सकाळी लाल सोंगथेव येते. ही मागे समोरासमोर बाकं टाकलेली, वरून झाकलेली छोटी गाडी, आपल्या वडापपेक्षा थोडी बरी. आधी बाजार. भाजीवालीच्या पाटीपाशी उभं राहून शिक्षिका एकेक वस्तू हातात देते, हुंगायला लावते. गवती चहा आपल्या ओळखीचा, पण आपण पातीचा चहा करतो आणि त्यांना हवा असतो बुडाचा पांढरा जाड दांडा. आल्यासारखं दिसणारं, पण उग्र वासाचं मूळ म्हणजे खा. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात कुलंजन म्हणून मिळतं त्याच घराण्यातलं. मकरूट लिंबाची पानं, एकाला एक जोडलेली दोन-दोन. आणि कोथिंबीर, मुळासकट! आपण जुडी घेतली की पहिल्यांदा मुळं छाटून टाकतो. तिथे मूळ, लसूण आणि मिरी कुटून अर्ध्या स्वयंपाकाचा पाया घालतात. हे बघून आमच्या बायकांची जी हळहळ होते! "आजवर किती फेकली गं."

मग स्वयंपाकघर. प्रत्येकाला वेगळी शेगडी, वेगळी कढई, फळी, सुरी. इथेच हा प्रकार नुसत्या प्रात्यक्षिकाहून वेगळा होतो. मागे हात बांधून बघत उभं राहायची सोय नाही. आमच्या काकालोकांची इथे खरी परीक्षा. बँकेत शाखा सांभाळलेला माणूस कढईसमोर घामाघूम झालेला मी पाहिला आहे, आणि नंतर तोच माणूस बायकोला सांगत होता, की आच मोठीच ठेवायची असते, तुझं चुकतं.

सगळ्यात जास्त वेळ जातो करीचं वाटण करण्यात. दगडी खल जड असतो. त्यात आधी भिजवलेली सुकी मिरची मिठाबरोबर कुटायची, कारण मिठाच्या खड्यांनी साल लवकर फाटतं. मग गवती चहा, खा, लिंबाची साल, कोथिंबिरीचं मूळ. लसूण आणि छोटे कांदे शेवटाकडे, कारण त्यांना पाणी सुटतं आणि पाणी सुटलं की कडक वस्तू बारीक होत नाही, नुसती निसटते. हिरव्या करीला ताज्या हिरव्या मिरच्या, धणे-जिरे आणि पांढरी मिरी. शिक्षिका सांगते, की जुन्या काळी खलाच्या आवाजावरून मुलगी सुगरण आहे की नाही ते ठरवायचे. ठोका एकसारखा हवा. यावर आमच्या गटात दर खेपेला एकीला तरी सासू आठवतेच.

नारळाचं दूध काढताना मात्र आमच्या कोकणातल्या बायका शिक्षिकेच्या पुढे असतात. पहिलं जाड, दुसरं पातळ, यात त्यांना नवं काही नाही. नवं आहे ते पुढचं : फोडणीला तेल नाहीच. जाड दूध कढईत आटवत ठेवायचं, ते फुटून वर तेल तरंगलं की त्यात वाटण परतायचं. दूध फुटलं की आपल्याकडे तोंड पाडतात. इथे ते फुटेपर्यंत वाट बघायची. जुन्या बाजारांत खवणीही दिसते, बुटक्या बैठकीला पुढे दातेरी पातं बसवलेली, तिच्यावर बसून खोबरं खवायचं. एका आजींनी ती पाहिली आणि सरळ त्यावर बसून दाखवलं.

मिरचीबद्दल तिथे मी नेहमी एक गोष्ट सांगते. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, पुढच्याच वर्षी मलाक्का जिंकलं आणि तिथून अयुथ्थयाच्या, म्हणजे थायलंडच्या तेव्हाच्या राजधानीच्या, दरबारी दूत धाडला. अमेरिकेतली मिरची पोर्तुगीज जहाजांच्या व्यापारातून आपल्याकडे आली आणि तशीच तिकडेही गेली. म्हणजे विंदालू आणि हिरवी करी या दोघींना तिखट पुरवणारा व्यापारी एकच.

आता खरा प्रश्न, ज्यावर आमचा निम्मा धंदा उभा आहे : शाकाहार. थाई स्वयंपाकात मासे दिसत नाहीत तिथेही असतात. नाम प्ला म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी, कापी म्हणजे कोळंबीचं मुरवलेलं वाटण, वर ऑयस्टर सॉस. "भाजीची करी" मागवली तरी यातलं काहीतरी आत असतंच. म्हणून हॉटेलात नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. "जे" म्हणावं लागतं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. "जे" जेवणात मांस, मासे, अंडी, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. वर्गात हे फार सोपं होतं, कारण आपणच करत असतो. नाम प्लाच्या जागी सोया सॉस आणि मीठ, कापीच्या जागी मुरवलेलं सोयाबीन. उत्तरेत तर सोयाबीन आंबवून, थापून, वाळवलेल्या चकत्याच मिळतात, थुआ नाव म्हणतात त्यांना. वारोरोट बाजारात त्यांच्या चळती लागलेल्या असतात. वास जबरदस्त असतो, पण भाजून कुटल्या की करीला तो खोलपणा येतो जो नुसत्या मिठानं येत नाही. आमच्या वर्गाच्या मावशींनी (वयानं माझ्याएवढ्याच, पण गटानं मावशी केलंय) आमच्यासाठी वेगळे खल ठेवले आहेत, ज्यात कापी कधीच कुटलेली नाही. ही गोष्ट त्यांनी आपणहून केली. तेव्हापासून शाळा बदलायचा विचार आम्ही केलेला नाही.

जैन मंडळींना मात्र बुकिंगच्या आधीच स्पष्ट सांगतो. जमिनीखालचं वर्ज्य असेल तर खा नाही, लसूण नाही, कोथिंबिरीचं मूळ नाही, मग करीच्या वाटणात राहिलं काय? पपईचं सोमतम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, लसणीशिवाय आणि सुक्या कोळंबीशिवाय होतं, भाज्या परतता येतात, आंबा आणि चिकट भात होतो. तेवढ्यावर समाधान असेल तर या. गोड बोलून पैसे घ्यायचे आणि तिथे जाऊन चेहरा पाडायचा, हे आमच्यानं होत नाही.

उपासाचं कोडं तर मावशींनीच सोडवलं. संकष्टी होती आणि दोघीजणी काही न करता बसून होत्या. मावशींनी साबुदाणा शिजवून त्यात नारळाचं दूध आणि ताडाचा गूळ घातला. तिकडे तो रोजचा गोड पदार्थ. त्या दिवशी उपास नसलेल्यांनीही तोच मागितला.

तुळशीचा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. पाद कप्राव या पदार्थात कप्राव म्हणजे चक्क आपली तुळस, मुठीमुठीनं, चिकन किंवा डुकराच्या खिम्याबरोबर मोठ्या आचेवर परतलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका बाईंनी कढई खाली ठेवली. तुळस दारात पुजायची, ती खिम्यात? मांसाहारी असलेल्यांनाही ते गेलं नाही. मी वाद घालत नाही. होराफा नावाची दुसरी, गोडसर वासाची जात असते, ती घालून द्यायला सांगते. ज्यांना चालतं ते तुळस घालून करतात आणि घरी फोनवर सांगत नाहीत.

आणि आंबा! नाम दोक माय हा तिथला आंबा चिकट भाताबरोबर देतात. उत्तम असतो, रेषा नसते. आमचा गट तो संपवतो, ताट चाटूनपुसून, आणि मग एकमतानं ठराव होतो : हापूस नाही हो तो.

धंद्याचं सांगायचं तर, या सहलीत आम्ही दहाच्या वर माणसं घेत नाही. एका शिक्षिकेला त्याहून जास्त शेगड्या सांभाळता येत नाहीत. साहजिकच दर माणशी जास्त पडतो, मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीशेजारी आमचं पत्रक महाग दिसतं. "यात रोज रात्री आपलं जेवण नाही?" असं विचारून उठून गेलेली कुटुंबं आहेत. जाऊ देतो. बँकॉकमध्ये शेवटच्या रात्री वरण-भाताची सोय ठेवतो, कारण तोवर तो हवासा वाटतोच, मलाही.

2020 च्या मार्चमध्ये विमानं थांबली. भरलेले पैसे एअरलाइनकडे अडकले, गिऱ्हाइकं आमच्या दारात. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून परदेशी सहलींच्या पॅकेजवर 5 टक्के टीसीएस, म्हणजे आम्ही गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेऊन सरकारला भरायचा आयकर, लागू झाला. गंमत बघा, कर आला तेव्हा सहलीच नव्हत्या. (अजूनही लोकांना तो आमचा नफा वाटतो. तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्नमध्ये वळता होतो, हे मी आता झोपेतही सांगू शकते.) त्या काळात गाळ्याचं भाडं निघालं ते शनिवारच्या डब्यांवर : हिरवी करी आणि भात, डोंबिवलीपुरता. कुलंजन ताजं मिळेना, गवती चहाचे दांडे आपल्याकडे बारीक, म्हणून दुप्पट घालायचो. शेजारच्या आजोबांनी त्याला "थाई आमटी" नाव दिलं आणि त्याच नावानं ऑर्डरी यायला लागल्या. 27 मार्च 2022 ला नियमित उड्डाणं पुन्हा सुरू झाली, पण खरी गर्दी झाली ती 10 नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसा माफ झाल्यावर. तोवर विमानतळावर उतरून दोन हजार बाट मोजा, रांगेत उभे राहा, हे होतं.

तारखा ठरवणं सोपं नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चियांग मायच्या आसपास शेतं आणि जंगलातला पाला जळतो, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात धूर बसून राहतो. त्या दिवसांत आम्ही कोणालाच नेत नाही, कितीही आग्रह झाला तरी. ऑक्टोबर 2024 च्या सुरुवातीला पिंग नदीला मोठा पूर आला आणि बाजारपेठेचा भाग पाण्याखाली गेला, तेव्हापासून सप्टेंबर अखेरही टाळतो. सर्वांत चांगला काळ दिवाळीनंतरचा. आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास तिथे लॉय क्रथोंग असतं, केळीच्या खांबाच्या चकतीवर फुलं आणि मेणबत्ती ठेवून पाण्यात सोडतात. त्या आठवड्यात हॉटेलं दुप्पट भाव लावतात. सहा महिने आधी पैसे भरायची तयारी असेल त्यांनीच विचारावं.

पुढचं डोक्यात आहे ते फुकेतचं. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तिथे "जे" उत्सव असतो. सगळ्या शहरात पिवळे झेंडे, रस्तोरस्ती कांदा-लसणाशिवायचं जेवण. बऱ्याच वर्षी हे दिवस आणि आपलं नवरात्र एकाच अमावास्येनंतर सुरू होतं. 2024 मध्ये दोन्ही 3 ऑक्टोबरला सुरू झाली होती. 2025 मध्ये तिकडे अधिक महिना आला म्हणून ते जवळजवळ महिनाभर पुढे गेलं. मिरवणुकीत गालातून सळया आरपार घातलेले भक्त असतात, तो भाग बघायचा नसेल त्यांना आम्ही वर्गात बसवू. नवरात्रात कांदा-लसूण सोडणाऱ्यांना याहून सोयीची परदेशवारी मिळायची नाही, असं मी उत्साहानं नणंदेला सांगितलं. ती हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाली, "वहिनी, ज्यांच्या घरी घट बसतात, त्या नऊ दिवस दिवा सोडून फुकेतला कशा येतील?" म्हणून सध्या ज्यांचे घट मोठ्या दिरांकडे बसतात, अशांची यादी करते आहे.