कडी लावली ना, आई?

साडेदहाला दिवा मालवला, तरी मूल बारापर्यंत जागंच. दाराची कडी तीनदा बघून झाली, गॅसचा रेग्युलेटर बघून झाला, आता देवाला केलेला नमस्कार 'नीट' झाला नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. ओसीडी, म्हणजे नकोसे विचार आणि तीच तीच कृती करायला लावणारा मनाचा आजार, असलेल्या अनेक मुलांची झोप अशी अडते. काही जण नुसते पडून मनात आकडे मोजतात, ते तर कुणाला दिसतही नाही. याला हट्ट म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

वन रूम किचनमध्ये एक जण जागा म्हणजे सगळे जागे. त्यामुळे आई अर्धवट झोपेतच म्हणते, "हो रे, लावली कडी." भीती दोन मिनिटं शमते, पण विचारल्याशिवाय सुटका नाही, हेच मनात पक्कं होतं. उद्या प्रश्न वाढतात.

म्हणून उत्तरं कमी करायची, पण एकदम गप्पही बसू नका, मुलाला ती शिक्षा वाटते. आधी सात रात्री वहीत लिहा: दिवा कधी मालवला, किती वेळा विचारलं, झोप साधारण कधी लागली. दहादा विचारत असेल, तर दिवसाउजेडी त्याच्याशी बोलून ठरवा: या आठवड्यात पाच उत्तरं, मग तीन, मग एक. त्यापुढे एकच वाक्य, "हा ओसीडीचा प्रश्न आहे, मी उत्तर देणार नाही, पण मी इथेच आहे." हे आजीलाही समजावून सांगा. बेत बहुतेकदा तिथेच फसतो, तिला नातवाचं रडणं बघवत नाही.

कडी न तपासता राहण्याचा सराव थेरपिस्टच्या मदतीने, आणि संध्याकाळी. रात्री दमलेल्या मुलाकडून तो होत नाही.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते, म्हणून नऊलाच अंथरुणात पाठवलं जातं. बाराला झोपणाऱ्या मुलाला त्यातून तपासणीसाठी तीन तास मोकळे मिळतात. सुरुवातीला साडेअकराला झोपवा, झोप लवकर लागू लागली की दर काही दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे आणा. उठायची वेळ रविवारीही तीच.

फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन या ओसीडीवरच्या औषधांनी काही मुलांची झोप उडते. गोळी सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. मुंबईत केईएम, नायर, सायन या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही लागतो. ओपीडीला जाताना ती सात रात्रींची वही सोबत न्या.