खुनी कळला होता, पण त्याचं नावच मेन्यूत नव्हतं

छोट्या रहस्यमय व्हिज्युअल नॉव्हेल्सवर, म्हणजे चित्रं आणि संवादांतून वाचत खेळायच्या गेम्सवर, खेळाडूंचे अभिप्राय येतात. ते वाचून काय दुरुस्त करायचं हे टीमला सांगणं, हे माझं काम. हा गेम साधारण चाळीस मिनिटांचा होता. चार संशयित, सात पुरावे आणि शेवटी ‘खुनी कोण?’ विचारणारा मेन्यू. चाचणीत सगळं सुरळीत झालं, पण गेम बाहेर पडल्यावर अभिप्रायांचे दोन तट पडले. काहींच्या मते खुनी निम्म्यातच ओळखू येत होता. इतर म्हणत होते की शेवट लादलेला आहे, कुणाचंही नाव घ्या, चूकच ठरतं.

पुरावे अवघड करावेत, असं टीमने जवळजवळ ठरवलं होतं. मला ते पटेना. ‘फार सोपं’ आणि ‘अन्याय आहे’ या तक्रारी एकाच वेळी आल्या, तर बहुधा दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी वेगळा गेम पाहिलेला असतो. चौकशी कुणाची आधी झाली, कुठली खोली राहून गेली, यावर हातातले पुरावे बदलतात. म्हणून शेवटावर नाराज असलेल्या खेळाडूंना ‘काय आवडलं नाही?’ असं न विचारता तीनच गोष्टी विचारल्या. शेवटच्या मेन्यूत नेमकी कोणती नावं दिसली? संशय कुणावर होता, आणि कुठल्या प्रसंगापासून? गेम एका बैठकीत संपवला की मध्ये बंद केला?

पहिल्या प्रश्नानेच गाठ सुटली. त्यांना चारऐवजी तीनच नावं दिसली होती आणि गायब झालेलं नाव खुन्याचं होतं. दुसऱ्या उत्तरांवरून कळलं की यातल्या बऱ्याच जणांचा संशय अगदी बरोबर होता. तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच होतं: सेव्ह केलं, गेम बंद केला, नंतर पुढे खेळलो.

गेम रेनपायमध्ये, म्हणजे व्हिज्युअल नॉव्हेल्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बनवलेला होता. खुन्याच्या नावाला ‘किमान चार पुरावे’ अशी अट होती. रेनपायमध्ये मेन्यूतल्या पर्यायाची अट पूर्ण झाली नाही, तर तो पर्याय मुळात दिसतच नाही. त्यामुळे काही हरवलंय अशी शंकाही खेळाडूला येत नाही, तो थेट लेखकावर चिडतो. आता पुरावे गेले कुठे ते बघायचं होतं. पुरावे गोळा केले, सेव्ह केलं, गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडला आणि लोड केला. शिफ्ट आणि ओ दाबून कन्सोल, म्हणजे गेमच्या आतली माहिती तपासायची खिडकी, उघडलं, यादीचं नाव टाइप केलं. यादी रिकामी.

पुराव्यांची यादी स्क्रिप्टमध्ये ‘डिफाइन’ या आज्ञेने तयार केली होती आणि प्रत्येक पुरावा ‘अपेंड’ने, म्हणजे यादीच्या शेवटी जोडून, तिच्यात टाकला जात होता. ‘डिफाइन’ने केलेल्या व्हेरिएबलला (माहिती साठवणाऱ्या नावाला) गेम सुरू झाल्यावर नवी किंमत दिली, तरच रेनपाय ते सेव्ह करतं. अपेंडने यादीच्या आतला माल बदलतो, व्हेरिएबल मात्र त्याच यादीकडे बोट दाखवत राहतं, म्हणून रेनपायच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. एका दमात खेळणाऱ्याला हे कधीच जाणवणार नाही, आणि चाळीस मिनिटांचा गेम चाचणी करणारे एका दमातच संपवतात. त्यात ज्यांनी अगदी सुरुवातीला गेम बंद केला, त्यांना पुढे चार पुरावे मिळून गेले. त्यामुळे बग कधी दिसायचा, कधी नाही.

‘डिफाइन’च्या जागी ‘डिफॉल्ट’ लिहिणं ही एका ओळीची दुरुस्ती. खरी डोकेदुखी जुन्या सेव्ह फाइल्सची होती, कारण त्यांत यादी नव्हतीच. मात्र प्रत्येक चौकशीसाठी वेगळा साधा फ्लॅग, म्हणजे ‘झाली की नाही’ एवढीच खूण, ठेवलेला होता आणि तो सेव्ह झालेला होता. सेव्ह लोड झाल्यावर चालणाऱ्या ‘आफ्टर लोड’ या लेबलमध्ये (स्क्रिप्टच्या नाव दिलेल्या भागात) त्या फ्लॅग्जवरून यादी पुन्हा भरून घेतली. भरल्यावर तिथेच रोलबॅक, म्हणजे गेममध्ये मागे जाणं, अडवलं, नाहीतर खेळाडू लोड केलेल्या जागेच्या मागे गेला की भरलेलं पुन्हा पुसलं जातं. कुणीतरी ‘सीन लेबल’ तपासून यादी भरायचं सुचवलं होतं. तो सापळा आहे. ते फंक्शन त्या कॉम्प्युटरवर ते लेबल पूर्वी कधीही चाललं असेल तरी ‘हो’ म्हणतं. म्हणजे दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला न शोधलेले पुरावेही फुकट मिळाले असते.

राहिला पहिला तट. ‘निम्म्यात’ म्हणजे कुठे, हे त्यांनाही विचारलं. बहुतेकांनी फोनच्या प्रसंगाकडे बोट दाखवलं. पलीकडच्या अनोळखी आवाजाचं नाव ‘???’ असंच दिलेलं होतं, पण नावाचा रंग खुन्याच्या नावाचाच राहिला होता. काहींनी आणखी बारकाई दाखवली: इतर तिघांच्या चित्रांना तीन-तीन हावभाव आणि याला एकट्याला सहा! या प्रकारचे गेम नेहमी खेळणारे लोक संवादांच्या आधी चित्रं मोजतात, हे मी टीमला फार दिवस सांगत होते.

फोनवरच्या नावाला करडा रंग दिला. चित्रकाराकडे वेळ होता, म्हणून इतर संशयितांपैकी डॉक्टर आणि भाडेकरू या दोघांना दोन-दोन जादा हावभाव काढून घेतले. पुराव्यांच्या एकाही ओळीला हात लावला नाही. नव्या आवृत्तीसोबत चाचणीच्या यादीत एक पायरी वाढवली: प्रत्येक चौकशीनंतर सेव्ह करायचं, गेम पूर्ण बंद करायचा, पुन्हा उघडून लोड करायचा आणि कन्सोलमध्ये यादी बघायची.