जीनेट मॅकडोनल्डच्या रेकॉर्डी : आठवडा सहावा

जीनेट मॅकडोनल्ड या अमेरिकन गायिका-नटीच्या जुन्या रेकॉर्डींसाठी तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई अखेर आली. आतापर्यंत या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डी नंतरच्या काळातल्या एलपी रेकॉर्डींच्या सुईवरच ऐकत होतो. ती बारीक सुई रुंद खाचेच्या तळाला घासते आणि गाण्याआधी खरखर वर येते. नव्या सुईवर पहिली लावली १९३०ची ‘बियाँड द ब्लू होरायझन’.

त्याआधी धुलाई. स्पिरिट चुकूनही वापरू नका, या रेकॉर्डी लाखेच्या असतात आणि लाख त्यात विरघळते. मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बेबी शाम्पूचा थेंब टाकतो, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरवतो, लेबल कोरडं ठेवतो आणि लगेच टिपून घेतो. तिसऱ्या खेपेला पाणी स्वच्छ निघालं. त्या काळी जगातली बहुतेक लाख हिंदुस्थानातून जायची. फिलाडेल्फियाच्या या मुलीचा आवाज पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या लाखेत उमटलाय, हे आठवलं की रेकॉर्ड हातातून खाली ठेववत नाही.

गाणं ‘मॉन्टे कार्लो’मधलं, दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच. ऐन लग्नातून पळालेली नायिका रेल्वेच्या डब्यात बसते. चाकांची आणि वाफेची लय हळूहळू वाद्यवृंदात मिसळते, ती खिडकीतून झुकून गाते आणि शेतातली माणसं हात हलवत तिच्या सुरात सूर मिळवतात. बोलपट नुकते कुठे उभे राहत होते, तेव्हाचं हे काम! वरच्या सुरावर ती जोर लावत नाही, अलगद जाऊन टेकते. जुन्या सुईवर नेमकी हीच जागा खरखरीत बुडायची. काल सलग चार वेळा ऐकली.

गायक-नट नेल्सन एडीबरोबरचे तिचे आठ चित्रपट (१९३५ ते १९४२) लोकांच्या जास्त लक्षात आहेत. माझा जीव मात्र त्याआधीच्या जीनेटवर. १९२९च्या ‘द लव्ह परेड’मध्ये, पहिल्याच चित्रपटात, ती फ्रेंच गायक-नट मॉरिस शेव्हालियेसमोर जराही दबत नाही. पुढे १९४३मध्ये माँट्रियलला ती ऑपेरात ज्युलिएट म्हणून उभी राहिली. चाळिशीला टेकलेली, नाव झालेली नटी पुन्हा शिकायला बसते, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९६५मध्ये ह्यूस्टनला ती गेली.

आता पाळी १९३६च्या ‘इंडियन लव्ह कॉल’ची. विकणाऱ्याने ते ‘आपल्याकडचं गाणं’ म्हणून दिलं. त्यातले इंडियन मात्र कॅनडाचे मूलनिवासी. काठाला नखाएवढा टवका उडालाय आणि तिथून केसासारखी चीर सुरुवातीच्या खाचांत शिरलीय. अशा रेकॉर्डीवर सुईचा भार किती ठेवता? कुणी केलं असेल तर सांगा, तोवर मी ती लावणार नाही.