जीओटी फेल आणि डे-लिली

आमच्या देऊळगाव राजाकडं शेडनेट म्हटलं की सीड प्लॉट, म्हणजे कंपनीसाठी संकरित बियाणं करायचं, दुसरं काही डोक्यात येतच नाही. मिरची, टमाटे, काकडी, जे कंपनी देईल ते. संध्याकाळी मादीच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, सकाळी नराचं पोलन लावायचं, क्रॉसिंग झालेलं फूल ओळखू यावं म्हणून खूण करायची. माझ्या मायनं वीस वर्षं हेच केलं. चार वर्षांपूर्वी आमच्या मिरचीच्या लॉटची जीओटी, म्हणजे बी लावून त्याची शुद्धता बघायची टेस्ट, फेल आली, बियाण्यात भेसळ निघाली असं कंपनीचं म्हणणं, पैसे गेले, वर्षाची मेहनत गेली, आणि दहा गुंठ्याचं नेट तसंच रिकामं फडफडत राहिलं.

त्यात डे-लिली कशी आली तर बहिणीमुळं. नागपूरला तिच्या गच्चीवर कुंडीत केशरी फुलं होती, तिनं दोन फुटवे पिशवीत घालून दिले. माय म्हणे, सकाळी उमलते अन् संध्याकाळी मिटते, एका दिसाचं फूल, ना हाराले ना बाजाराले, काय करतू याचं? खरंय, नावातच दिवस आहे. पण एका दांड्यावर दहा-पंधरा कळ्या असतात, आज एक उद्या दुसरी, म्हणून झाड महिनाभर फुललेलं दिसतं.

सवय हो, दुसरं काय, फूल दिसलं की मायनं क्रॉसिंग करून पाहिलं. आणखी दोन-चार जाती आणल्या होत्या, त्यांचं पोलन या केशरीला लावलं. एक बोंड धरेना. दोन वर्षं आम्ही खत बदल, पाणी बदल करत बसलो आणि मग वाचताना कळलं की ही जुनी केशरी ट्रिप्लॉइड आहे, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, हिच्यात गुणसूत्रं ३३, ही बी धरतच नाही, फुटव्यांनीच वाढते. साध्या डिप्लॉइडमध्ये २२ असतात, टेट्राप्लॉइडमध्ये ४४, आणि या दोघींचं आपसातही जमत नाही. सोयरीक जुळवताना गोत्र बघतात तसं आधी हे बघायचं. हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर!

बाकी टमाट्यापुढं हे काम म्हणजे खेळ आहे. फूल तळहाताएवढं, सहा पुंकेसर लांबच लांब, एक तोडायचा आणि दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकावर पिवळी भुकटी घासायची, झालं. माय चिमटासुद्धा घेत नाही. मग देठाला दोरा, लाल दोरा म्हणजे नर जांभळा, पांढरा दोरा म्हणजे नर बदामी, तिचं तिचं रजिस्टर आहे ते. पण ऊन तापलं, पारा बत्तीस-तेहतीसच्या वर गेला की बोंडं गळायला लागतात, म्हणून आमचं सगळं क्रॉसिंग फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत आणि तेही सकाळी नऊच्या आत. पन्नास दिवसांनी बोंड वाळून तडकतं, आत काळं चकचकीत बी, मिऱ्यासारखं. ते डबीत घालून फ्रिजमध्ये, मृग लागला की ट्रेमध्ये.

पैसे घालवले तेही सांगतो. स्टेला डी ओरो, १९७५ ची, जगभर गाजलेली, नाव ऐकून मागवली, पण ती थंडीत झोपणारी जात, आमच्या हिवाळ्यात तिची झोपच होत नाही, दुसऱ्या वर्षी काडी झाली. आपल्याकडं बारमाही हिरव्या राहणाऱ्याच घ्या. आणि ऑनलाईन निळ्या डे-लिलीचं बी घेतलं होतं, उगवलं ते गवत. खरी निळी डे-लिली अजून जगात कोणी केलेली नाही, फोटोतला निळा रंग कॉम्प्युटरचा असतो. काळ्या जमिनीत थेट लावू नका, पावसात पाणी साचून गड्डा सडतो, मुरूम आणि शेणखत मिसळून गादीवाफा करा.

धंदा म्हणाल तर फुटवे विकतो, दीडशे रुपयाला एक. पानं वीतभर ठेवून छाटायची, मुळ्या धुवायच्या, एक दिवस सावलीत सुकवून पेपरात गुंडाळून कुरिअर. चार-सहा दिवस प्रवासात राहिली तरी काही होत नाही तिला. मिरचीएवढा पैसा नाही, खोटं कशाला सांगू, पण लॉट पास-नापास करणारा कोणी नाही.

म्हणजे आता ते काम माझ्याकडं आलंय. बी लावल्यापासून फूल बघायला दोन-तीन वर्षं लागतात. यंदा ६४ रोपं पहिल्यांदा फुलली आणि त्यातली ठेवण्यासारखी तीन. एक बदामी, घशात हिरवी, कडेला जांभळी झालर, ती बघून मी तर चहा विसरलो. बाकी ६१ मळकट पिवळी नाहीतर आईबापासारखीच. मी म्हटलं उपटून टाकू, वाफा मोकळा होईल. माय काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर बांधाच्या कडेनं विहिरीपर्यंत सगळी ओळीनं लावलेली, मुळाशी पाणी घातलेलं.

आता कोणी शेतात आलं आणि ती कोणती फुलं म्हणून विचारलं की ती सांगते, "ते? ते आमचे जीओटी फेल."