सुट्टी शिल्लक आहे ना, मग टाका की!

दर 20 दिवस कामामागे एक पगारी सुट्टी, पुढच्या वर्षात नेता येतात त्या जास्तीत जास्त 30, हा हिशोब 1948 च्या फॅक्टरी ॲक्टपासूनचा, तरी आमच्या जळगाव एमआयडीसीत लोक सुट्ट्या साठवत बसतात, लग्नसराईला लागतील म्हणून. मी तर डिसेंबरातच टाकतो बुवा. भरीताच्या हिरव्या वांग्यांचा सीझन असतो, बामणोद गावची मिळाली तर विचारूच नका, वावरात कपाशीच्या काड्यांवर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायची, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. फोन घरीच. साहेबांचा आला तर आई उचलते, "तो वावरात गेला, संध्याकाळी करा" सांगते, आणि संध्याकाळी आमच्याकडे रेंजच नसते :)