पिझोचा प्ले आणि उद्यमनगरातला लेथ

पीएचडीची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, दिली, कोर्सवर्क झालं, विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर, म्हणजे आरआरसीसमोर, विषय मांडला. तिथपर्यंत सगळ्यांचं होतं तसंच माझंही झालं. सांगायचंय ते त्यानंतरचं.

माझा विषय होता पिझो स्टेजचं, म्हणजे अगदी सूक्ष्म अंतराने सरकणाऱ्या मंचाचं, गणिती मॉडेल आणि नियंत्रण. पिझो सिरॅमिकला व्होल्टेज दिलं की ते किंचित लांबतं. 1986 साली आलेल्या अणुबल सूक्ष्मदर्शकात, म्हणजे एएफएममध्ये, नमुना किंवा सुई नॅनोमीटरच्या हिशेबात सरकते ती याच्याच जोरावर. माझी स्टेज 100 व्होल्टला 10 मायक्रॉन सरकायची. पण व्होल्टेज चढवताना 50 ला ती एका जागी असायची आणि उतरवताना त्याच 50 ला दुसऱ्या. फरक मायक्रॉनभराचा. हाच हिस्टेरिसिस. आत्ताचं व्होल्टेज माहीत असून भागत नाही, स्टेज कुठून आली तेही ठाऊक असावं लागतं.

तीन महिने रीडिंग घेतली. सकाळी जुळलेलं मॉडेल दुपारी जुळेना. मी मॉडेलमध्ये एकेक पद वाढवत गेले. एके दिवशी माझे मार्गदर्शक सर लॅबमध्ये आले. स्क्रीनकडे त्यांनी पाहिलंच नाही, स्टेजखालच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटवर तळवा ठेवला आणि विचारलं, "पंखा किती वाजता लावतेस गं?"

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. 10 सेंटिमीटर ॲल्युमिनियम एका अंशाने तापलं तर 2.3 मायक्रॉन वाढतं. माझा हिस्टेरिसिस त्याच्या निम्म्याएवढा! मी पिझोचं नाही, खोलीच्या उन्हाचं मॉडेल करत बसले होते. सगळी रीडिंग टाकून द्यावी लागली. त्या रात्री भाकऱ्या थापताना घरात कुणाशी बोलावंसंही वाटलं नाही.

प्लेट इनवारची करायची ठरली. लोखंड आणि निकेलचा हा मिश्रधातू उष्णतेने ॲल्युमिनियमच्या जवळपास विसाव्या हिश्शाइतकाच वाढतो. तो शोधणाऱ्या गियोम यांना 1920 चं नोबेल मिळालं होतं. तुकडा महागाचा होता आणि तो कापून देणारा माणूस उद्यमनगरात भेटला. मिस्त्रींनी पहिला कट घेतला आणि म्हणाले, "मॅडम, हे टूलला चिकटतंय. दमानं घ्यावं लागंल."

मी लेथशेजारीच उभी होते. टूल खुणेच्या थोडं पुढे गेलं. मिस्त्रींनी हँडल फक्त खुणेपर्यंत मागे आणलं नाही. अर्धा फेरा जास्त मागे नेलं आणि पुन्हा पुढे फिरवत खुणेवर थांबवलं.

"असं का?"

"स्क्रूत प्ले हाय न्हवं! एकाच अंगानं यायचं, मग माप चुकत न्हाई."

प्ले, म्हणजे ढिलाई. हिस्टेरिसिसचं प्रांट्ल-इशलिन्स्की मॉडेल माझ्या वहीत वर्षभर पडून होतं. त्याच्या मुळाशी जो ऑपरेटर, म्हणजे गणिती क्रिया, आहे, त्याचं नावच प्ले. कमीजास्त ढिलाईचे असे अनेक प्ले घ्यायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि बेरीज करायची, की पिझोचा तो वाकडा फास कागदावर उभा राहतो. समीकरण मला पाठ होतं. पण हँडल रिकामं फिरतंय आणि टूल जागेवरच आहे, हे डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

पुढची रीडिंग रात्री दहानंतर, दार लावून, पंखा बंद ठेवून. व्होल्टेज तसंच ठेवलं तरी स्टेज मिनिटामिनिटाला सरकत राहते, त्या क्रीपने आणखी दोन महिने खाल्ले. मग मॉडेल उलटं करून आधीच सुधारलेलं व्होल्टेज द्यायचं आणि उरलेली चूक ती मोजून दुरुस्त करत राहणाऱ्या पीआय कंट्रोलरने निस्तरायची, अशी जोडणी बसली. मायक्रॉनचा फरक तीसेक नॅनोमीटरवर आला. तो आलेख मी घरी नेऊन सगळ्यांना दाखवला.

व्हायव्हाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हा ऑपरेटर इथे लागू पडतो, हे समीकरण न लिहिता सांगा."

मी पर्समधून मिस्त्रींनी दिलेला जुना बोल्ट काढला. त्यावरचा नट झिजलेला होता. परीक्षकांनी तो हातात घेतला, नट दोन्ही अंगांनी हलवून पाहिला आणि प्रबंधाचं पुढचं पान उलटलं.